पद सुरू होण्याआधीचं वाक्य

(संगीत नाटकांत भूमिका करणाऱ्या आणि एरवी पेटीची साथ करणाऱ्या एका गायक नटाला वाचकांनी विचारलेले प्रश्न. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.)

बोलता बोलता नट थेट गायला लागतो, तेव्हा त्याला सूर नेमका कुठून मिळतो? कानात कुणी सांगतं का?

कानात कुणी सांगत नाही. सूर ऑर्गन देतो, पण तो ज्या क्षणी तुम्हाला ऐकू येतो त्याच्या बराच आधी दिलेला असतो. पदाआधीच्या दोन-तीन वाक्यांखाली ऑर्गनवर षड्ज-पंचम (सा आणि प) अगदी बारीक धरून ठेवतात. प्रेक्षकाला तो वातावरणाचा भाग वाटतो, नटाला मात्र तो आधाराचा खांब असतो.

पुढचं काम नटाचं. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण 100 ते 130 हर्ट्झच्या आसपास फिरतो. पट्टी, म्हणजे पेटीवरची जी पट्टी आपण षड्ज धरतो ती, काळी एक असेल तर षड्ज 139 हर्ट्झला आणि मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम 104 हर्ट्झला येतो. म्हणजे आपण मंद्र पंचम आणि षड्ज यांच्या मधल्या जागेतच बोलत असतो. शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द मंद्र पंचमावर ठेवला की तिथून षड्ज एका पावलावर असतो, आणि ऐकणाऱ्याला सांधा जाणवत नाही. हे बहुतेक जण उलट करतात. भावनेच्या भरात वाक्य वर चढवतात, तिथे थांबतात, मोठा श्वास घेतात आणि खाली येऊन गायला लागतात. खांदे वर गेलेले शेवटच्या रांगेलाही दिसतात. प्रेक्षक मनात म्हणतो, ‘आता गाणं.’ तिथेच नाटक तुटलं.

श्वास शेवटच्या वाक्यानंतर घ्यायचाच नाही. तो त्या वाक्याच्या मधल्या स्वल्पविरामाला, एखाद्या हालचालीच्या आडून घ्यायचा: वळताना, बसताना, शेला सावरताना. आणखी एक नियम मोडू नये. पदाआधीचे शेवटचे दोन शब्द हीच साथीदारांची खूण असते. बाकी वाक्यात रंगात येऊन काय भर घालायची ती घाला, ते दोन शब्द हलवायचे नाहीत. ते बदलले की तबल्याची सम (तालाची पहिली मात्रा) एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

माझी मुलगी नाट्यपदं शिकते. शिक्षक म्हणतात काळी पाच, तिला काळी चार सोपी जाते. पट्टी कुणी ठरवायची?

तिच्या गळ्याने. पण गळ्याला प्रश्न योग्य वेळी विचारायला हवा. सकाळच्या रियाजात ठरवलेली पट्टी रंगमंचावर बहुतेकदा अर्धा ते एक सूर चढी निघते. कारण नाटकात पदाच्या आधी वीस मिनिटं मोठ्याने बोलणं झालेलं असतं. म्हणून एखादा प्रवेश पूर्ण आवाजात वाचून घ्या आणि लगेच पदाचा सगळ्यात वरचा सूर लावून पाहा. जो सूर चार मात्रा न थरथरता टिकतो, त्याच्या दोन पट्ट्या खाली पदाचा वरचा टोकाचा सूर यायला हवा. मग खालचं टोक तपासा. मंद्रात शब्द ऐकूच येत नसतील तर पट्टी फार उतरली.

माईक नव्हते तेव्हा गायक नट, पुरुषसुद्धा, चढ्या पट्टीत गात, कारण चढा आवाज लांब पोचतो. ती गरज आता उरलेली नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकेशी पट्टी जुळवण्याच्या हट्टापायी कोवळे गळे ताणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

द्वंद्वपदाची अडचण वेगळी. पुरुष काळी एकचा आणि स्त्री काळी चारची असेल तर तिचा षड्ज म्हणजे त्याचा पंचम. कुणा एकाच्या पट्टीत दोघं गायले तर दुसऱ्याचे हाल. मधली पट्टी, पांढरी तीन किंवा चार, धरायची आणि ओळी वाटून घ्यायच्या: वर झुकणाऱ्या तिच्याकडे, मंद्र-मध्यातल्या त्याच्याकडे. चाल न मोडता बहुतेक पदांत हे जमतं.

वातानुकूलित नाट्यगृहात पहिल्या अंकात तबला बरोबर लागतो, दुसऱ्या अंकात चढलेला वाटतो. आमचे कान की तबला?

तबला. कोरड्या हवेत पुडीचं चामडं ओलावा सोडतं, आखडतं, आणि सूर चढतो. दमट हवेत सैल पडून उतरतो. वरून दिव्यांची धग असते. गाडीतून काढलेला तबला लगेच लावून ठेवला तर अर्ध्या तासात तो नक्की हलणार. तबला प्रत्यक्ष बसण्याच्या जागी, झाकण काढून, किमान अर्धा तास ठेवावा आणि मग लावावा. मोठा फरक असेल तर गट्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकावेत. बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, काढावा: वरून ठोकला की चढतो, खालून ठोकला की उतरतो. सोळाही घरांवर कान ठेवून फिरावं, एकाच जागी हातोडी मारत बसू नये. मध्यंतरात पुन्हा तपासणं हा प्रयोगाचा भागच समजावा.

एक सोय अनेकांच्या लक्षात येत नाही. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या पदाला मध्यम (म) देतो. बागेश्रीसारख्या, शुद्ध मध्यम बलवान असलेल्या रागात नायिकेच्या पदाला तोच तबला छान चालून जातो. यमनात मात्र शुद्ध मध्यम नाही, तिथे तो तबल्याच्या प्रत्येक ‘ना’ या बोलाला खटकेल. तिथे दुसरा, ढाल्या स्वराचा, मोठ्या तोंडाचा तबला हवाच.

सलग प्रयोग असताना आवाज कसा सांभाळता? खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या यांतलं खरं काय उपयोगी?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण जे खातो-पितो त्यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. तिथे पाण्याचा एक थेंब गेला तरी ठसका लागतो. खडीसाखर आणि ज्येष्ठमध लाळ वाढवतात, घशाला बरं वाटतं, इतकंच. गुळण्या त्याहून वरच्या भागाच्या. त्या करू नका असं नाही, पण त्यांच्या भरवशावर बसलेल्या आवाजाने उभं राहू नका.

तंतूंना ओलावा मिळतो तो रक्तातून आणि श्वासाच्या हवेतून. म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. प्रयोगाआधी अर्ध्या तासात लिटरभर ढोसलं तर ते तंतूंऐवजी दुसऱ्या अंकातल्या लांब प्रवेशात आठवण करून देतं. वाफ मात्र थेट उपयोगी पडते: साधी, औषध न घातलेली, पाच ते दहा मिनिटं, प्रयोगाच्या तासभर आधी. मेन्थॉलच्या गोळ्या थंडावा देतात आणि मागाहून कोरड पाडतात.

गळा गरम करायला माझी पसंती नळीच्या व्यायामाला आहे. पेल्यात पाणी घ्या, शीतपेयाची नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. आधी एकाच सुरावर, मग षड्जापासून पंचमापर्यंत हळूहळू वर-खाली. तीन मिनिटं पुरतात. ओठांशी अडवलेली हवा मागे दाब देते आणि तंतू कमी आपटून मिटतात. बुडबुडे मध्येच तुटले तर समजावं, श्वास एकसारखा येत नाही. गाल फुगवून जोर काढला तर व्यायाम वाया गेला.

काय टाळायचं? खाकरणं. खाकरताना तंतू एकमेकांवर घासतात, सूज वाढते, अजून कफ वाटतो, अजून खाकरलं जातं. त्याऐवजी घोटभर पाणी गिळावं. घसा बसल्यावर कुजबुजणं हाही गैरसमज आहे. बरेच जण कुजबुजताना तंतू ताणून धरतात, त्यापेक्षा हळू आवाजात साधं बोलावं किंवा गप्प राहावं. प्रयोग रात्री संपतो, मग भरपेट जेवण आणि लगेच आडवं होणं. पोटातलं आम्ल रात्रभर घशाशी येतं आणि सकाळी आवाज जाड लागतो. नट दोष मात्र हवेला देतो. जेवण आणि झोप यांत तीन तास जमत नसतील तर प्रयोगाआधी चार-पाचला नीट जेवावं आणि नंतर हलकं काहीतरी.

बसलेला आवाज वेदनाशामक गोळी घेऊन रेटू नये. दुखणं थांबतं, इजा चालूच राहते. अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होतं, त्यामुळे सुजलेल्या तंतूवर जोर आला तर आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. गाताना आवाज अचानक फाटला आणि परत आलाच नाही, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. नुसता घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तरीही.

छातीवरचा माईक चांगला की कपाळावरचा?

गाणं असेल तर कपाळावरचा, केसांच्या रेषेत, टोपाच्या कडेखाली लपवलेला. डोकं वळलं तरी माईक आणि तोंड यांतलं अंतर बदलत नाही. छातीवर लावला की मान खाली घातल्यावर आवाज बोद होतो, वर केल्यावर पातळ होतो, आणि शेला घासला की खरखर सुरू होते. कपाळावरच्या माईकचा शत्रू घाम. एक थेंब जाळीवर बसला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. वायर कानामागून उतरवताना एक छोटा वळसा ठेवावा, म्हणजे घाम वायरवरून माईककडे न येता त्या वळशात गळून पडतो. ट्रान्समीटरचे सेल मध्यंतरात बदलावेत, शिल्लक दिसत असले तरी. सेलची किंमत वाचवायला जाऊन नाटकाच्या शेवटच्या भरतवाक्याला आवाज जाणं फार महाग पडतं.

आणि विंगेत गेल्यावर आपला माईक बंद झाला आहे, असं कधीही गृहीत धरू नये.

समोरचा नट पाच मिनिटं पद गातो तेव्हा बाकीचे पात्र म्हणून काय करतात? कंटाळा येत नाही?

संगीत नाटकातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. गाणाऱ्याकडे आलाप असतात, ऐकणाऱ्याकडे काहीच नसतं. पदाचे शब्द म्हणजे लांबवलेला संवाद, तेव्हा तो आपल्याला उद्देशून चाललाय हे धरून ठेवायचं. व्यवहारात असं करतात: ध्रुपद (पदाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) पहिल्यांदा येतं तेव्हा ऐकायचं, अंतऱ्यात एकच प्रतिक्रिया ठरवायची, एक वळणं किंवा एक पाऊल, आणि ती शब्दावर घ्यायची, तानेवर नाही. तानेच्या वेळी आपण हललो तर प्रेक्षकाची नजर फुटते. मान डोलावून दाद द्यायची नाही. तिथे तुम्ही मैफलीतले श्रोते नसून कुणाची तरी बायको, मित्र किंवा वैरी असता. ताल पायाने धरणारा खलनायक बघवत नाही.

वन्समोअर मिळाला की कसं वाटतं?

छान वाटतं आणि धाकधूक होते. पूर्ण पद पुन्हा गाऊ नये. साथीदारांशी आधीच ठरलेलं असावं: वन्समोअर आला तर अंतऱ्यापासून, एक आवर्तन ध्रुपद, संपलं. खूण साधी हवी, उदाहरणार्थ उजवा हात छातीशी. देहबोली पदाच्या आधीच्या जागेवर न्यावी, कारण भांडून विंगेकडे निघालेलं पात्र तिथूनच गायला लागलं तर हसू येतं. पुढच्या प्रवेशात चढं पद असेल तर नम्रपणे हात जोडून पुढे जावं. रसिक समजून घेतात.

घरात आजोबांच्या काळातला पायाचा ऑर्गन आहे. काही सूर वाजत नाहीत, एक सारखा वाजतच राहतो. दुरुस्त होईल?

बहुधा होईल, आणि घाईने रंगकाम करून शोभेची वस्तू बनवू नका. पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. या ऑर्गनमध्ये बहुतेकदा उलटं असतं, पायाने भाता हवा आत ओढतो आणि ती रीडमधून, म्हणजे कंप पावून सूर देणाऱ्या पितळी जिभेतून, जाते. त्याचा गोल, मऊ आवाज काही अंशी त्यामुळेच. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनची साथ असे, आणि तिची सवय मराठी कानाला अजून आहे.

आधी भाता तपासा. सगळे स्टॉप (पट्ट्यांवरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून पाय मारा आणि थांबा. भाता अर्धा मिनिट तरी तग धरत असेल तर कापड बरं आहे. लगेच सुटत असेल तर रबरी कापड तडकलंय, ते बदलावं लागेल. चिकटपट्टीने भागत नाही. न वाजणाऱ्या सुरात शंभरातल्या नव्वद वेळा धुळीचा कण असतो, जिभेच्या आणि चौकटीच्या फटीत अडकलेला. रीड तिच्या खाचेतून आकड्याने हलकेच बाहेर ओढून मऊ ब्रशने साफ करा. तोंडाने फुंकू नका, वाफेने पितळ खराब होतं. सारखा वाजणारा सूर म्हणजे पट्टीखालची झडप पूर्ण मिटत नाही: लाकूड फुगलं असेल किंवा तिच्यावरचा चामडी थर कडक झाला असेल.

बेसूर झालेली रीड मात्र स्वतः घासू नका. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं वाचून अनेक जण कानस घेऊन बसतात. घासलेलं पितळ परत येत नाही.

जुन्या नाटकांतली पदं गाऊन यूट्यूबवर टाकली तर हक्कांचा प्रश्न येतो का?

येतो, आणि तो तीन ठिकाणी वेगवेगळा पाहावा लागतो. भारतात शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. नाटककारांपैकी अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले, देवल 1916 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत. चालीचा हिशेब निराळा करायचा: भास्करबुवा बखले 1922, गोविंदराव टेंबे 1955, दोघांच्याही चाली मोकळ्या झाल्या. पण जितेंद्र अभिषेकींचं निधन 1998 चं, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क 2058 अखेरपर्यंत आहे. जुन्याच पदाला त्यांनी नवी चाल दिली असेल तर शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, असंही होऊ शकतं. तिसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशनानंतर 60 वर्षांचा. म्हणून पद मोकळं असलं तरी कुणाची अलीकडची ध्वनिफीत मागे लावून गाऊ नये. स्वतःची पेटी आणि स्वतःचा तबला घ्यावा. आणि तिकीट लावून प्रयोगच करायचा असेल, तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं.

फक्त संगीत नाटकावर घर चालतं का?

क्वचित. नाइटच्या, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनाच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि नाइट्स मोजक्या असतात. बहुतेक जण शिकवण्या, साथसंगत आणि डबिंग यांवर महिना भागवतात. नाइट ठरवतानाच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: रद्द प्रयोगाचं काय, तालमीचे दिवस किती, दौऱ्यात मुक्काम-जेवण कुणाचं, चित्रीकरण झालं तर वेगळं मानधन का. तोंडी ठरलेलं शेवटचं कलम सगळ्यात आधी विसरलं जातं.

शिकायचं कुठून? आधी गाणं की आधी अभिनय?

गाणं आधी, कारण त्याला वर्षं लागतात. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्ण या परीक्षेपर्यंतची तयारी असेल तर पद हातात घेता येतं. पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत आणि नाट्य दोन्ही एका छताखाली आहेत. संगीत राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघांना गाणारी माणसं कायम कमी पडतात, तिथे लहान भूमिका मागा. मात्र ख्यालाची सवय इथे आड येते. पदात आलाप शब्दाचा अर्थ पोचल्यावरच घ्यायचा. अर्थ पोचायच्या आत घेतलेली तान कितीही साफ असली तरी भूमिकेला मारते.

खोटी मिशी लावून गाता येतं?

येतं. गम लावल्यावर अर्धा मिनिट थांबा, बोटाला चिकट लागला की मगच मिशी दाबा. ओल्या गमवर लावलेली मिशी पहिल्याच तार षड्जाला सरकते. ओठ थोडा ताणून, ‘ई’ म्हणत लावा, आणि गालाच्या घडीपर्यंत गम नेऊ नका. टोकं मोकळी राहिली पाहिजेत.

प्रयोगाआधीचा शेवटचा अर्धा तास कसा जातो?

रंगभूषा त्याआधी संपलेली असावी. पहिल्या दहा मिनिटांत नळीचे बुडबुडे आणि मंद्रातले सूर, तार सप्तक नाही. मग पहिल्या पदाआधीची दोन वाक्यं बोलून त्याचा षड्ज मनात धरून पाहायचा. पेटीवर वाजवून आपण किती चुकलो ते तपासायचं, दोन वेळा, बस. पहिल्या घंटेला माईकची चाचणी, गाऊन, नुसतं ‘हॅलो’ म्हणून नव्हे, कारण गाण्याची पातळी बोलण्याहून बरीच वर असते. दुसऱ्या घंटेला दोन घोट पाणी. तिसरीला विंगेत तबल्याच्या बाजूला उभं राहायचं. नांदीचा षड्ज तिथे सगळ्यात आधी ऐकू येतो.